नॉनलोकॅलिटी सिद्ध झाली का? आधी बेल कोणता ते ठरवा

प्रश्न असा आलाय. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रमेयावर सेमिनार द्यायचा आहे. त्याचे एक सर म्हणतात, याच प्रमेयाच्या प्रयोगांना २०२२चं भौतिकीचं नोबेल जाहीर झालं तिथेच वाद मिटला, निसर्ग नॉनलोकल आहे, म्हणजे इथल्या घटनेचा धागा थेट दूरवर जोडलेला असतो. त्याच विभागातल्या मॅडम म्हणतात, क्वांटम मेकॅनिक्स शंभर टक्के लोकल आहे, प्रयोगांनी मोडीत काढला तो, मोजण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं असं मानणारा, 'रिअ‍ॅलिझम'. दोघांचाही अभ्यास दांडगा आणि दोघंही पहिल्या रांगेत बसणार. 'खरं कुणाचं मानू, आणि मार्क न गमावता बोलू काय? आणि तुमची स्वतःची बाजू कोणती?'

मार्कांचं माझ्या हातात नाही. बाकीचं सांगतो. फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या मोजण्यात बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्यावर चहाच्या टेबलावर भांडण्यात त्याहून जास्त.

सुरुवात 'लोकल' या शब्दापासूनच करावी लागेल. मुंबईत त्याचा अर्थ एकच आहे. भौतिकीत किमान तीन आहेत. पहिला: प्रकाशापेक्षा वेगाने संदेश धाडता येत नाही. दुसरा क्षेत्र सिद्धांतातला (क्वांटम आणि सापेक्षतावाद जोडणारा सिद्धांत): ज्या दोन ठिकाणांमध्ये प्रकाशही वेळेत पोचू शकत नाही, तिथले ऑपरेटर (मोजमापांची गणिती रूपं) एकमेकांशी कम्यूट करतात, म्हणजे त्यांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच. तिसरा बेलचा: एखाद्या घटनेची सगळी कारणं तिच्या भूतकाळातल्या प्रकाश-शंकूत (जिथून प्रकाश तिच्यापर्यंत पोचू शकतो त्या टापूत) असली पाहिजेत. म्हणजे त्या शंकूतलं सगळं तुम्हाला माहीत असेल, तर दूरवर काय घडलं हे कळून तुमचा अंदाज तसूभरही बदलता कामा नये. पहिल्या दोन अर्थांनी क्वांटम मेकॅनिक्स लोकल आहे, याबद्दल कुणाचंही दुमत नाही. तिसऱ्या अर्थाने पाठ्यपुस्तकातलं क्वांटम मेकॅनिक्स लोकल नाही, याबद्दलही खरं तर दुमत नाही. भांडण आहे ते यावर, की हा तिसरा अर्थ म्हणजे निव्वळ लोकॅलिटी, की तिच्या पोटात आणखी काही दडवलेलं आहे.

गणित करून घेऊ. ते चार ओळींचं आहे, आणि ते न करता तासन् तास बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

दोन प्रयोगशाळा एकमेकींपासून लांब. मधला स्रोत दोघींकडे एकेक फोटॉन धाडतो. डावीकडच्या फोटॉनला दोनपैकी एक प्रश्न विचारायचा, अ१ किंवा अ२. उजवीकडच्याला ब१ किंवा ब२. प्रश्न म्हणजे पोलरायझरचा (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच सोडणाऱ्या गाळणीचा) कोन. उत्तर +१ किंवा −१. आता समजा, प्रत्येक जोडी निघतानाच चारही प्रश्नांची उत्तरं खिशात घेऊन निघते. मग ही बेरीज मांडा:

अ१ब१ + अ१ब२ + अ२ब१ − अ२ब२ = अ१(ब१ + ब२) + अ२(ब१ − ब२)

ब१ आणि ब२ सारखे असले तर दुसरा कंस शून्य आणि पहिला ±२. विरुद्ध असले तर उलट. म्हणजे कुठलीही जोडी घ्या, उत्तर +२ किंवा −२. लाखो जोड्यांची सरासरी काढली तरी ती २च्या पुढे जाणार नाही. ही १९६९ची क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांची असमानता. गुंतलेल्या (एकाच क्वांटम अवस्थेत बांधलेल्या) फोटॉनांसाठी डावीकडे ० आणि ४५ अंश, उजवीकडे २२.५ आणि −२२.५ अंश ठेवले, तर क्वांटम मेकॅनिक्स सांगतं २√२, म्हणजे २.८३.

यात लोकॅलिटी कुठे वापरली, ते बोट ठेवून दाखवता येतं. अ१ हे अक्षर दोनदा आलंय, एकदा ब१च्या शेजारी आणि एकदा ब२च्या. दोन्ही ठिकाणी आपण आकडा तोच धरला. म्हणजे पलीकडच्याने कुठला प्रश्न निवडला याची डावीकडच्या उत्तराला खबर नाही, असं मानलं. फळ्यावर त्या दोन अ१ना गोल करून दाखवा. अर्ध्या वर्गाला तिथेच उजेड पडतो.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं तेही सांगतो. आमच्याकडचा जुना सेटअप साधा: ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर, एका फोटॉनचे दोन करणाऱ्या बीबीओचे दोन पातळ स्फटिक एकमेकांना काटकोनात चिकटवलेले, आणि बाहेर पडणाऱ्या ८१० नॅनोमीटरच्या जोड्या. दोन्ही बाजूंना हाफ-वेव्ह प्लेट (प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवणारी चकती), पोलरायझर आणि डिटेक्टर. हाफ-वेव्ह प्लेट फिरवताना अर्धाच कोन फिरवायचा असतो. दरवर्षी कुणीतरी २२.५ अंशांसाठी ती थेट २२.५ अंशांवर ठेवतं आणि दुपारभर डोकं धरून बसतं.

एकदा एक विद्यार्थिनी धावत आली: 'सर, २.९१!' क्वांटम मेकॅनिक्सची स्वतःची कमाल मर्यादा २.८३ आहे, ती १९८०मध्ये त्सिरेल्सन यांनी सिद्ध केली. तेव्हा एक तर नवं भौतिकशास्त्र सापडलं होतं, नाही तर कुठेतरी माशी शिंकली होती. वही उघडली. ज्या कोनांवर उत्तरं जास्त जुळायची तिथे सेकंदाला ३२५ कोइन्सिडन्स (दोन्ही डिटेक्टर एकदम वाजल्याच्या नोंदी), जिथे कमी तिथे ८५. यातले काही निव्वळ योगायोगाचे असतात: दोन वेगवेगळ्या जोड्यांमधले फोटॉन एकाच वेळी पोचतात. त्यांना आम्ही ॲक्सिडेंटल म्हणतो, आणि ते वजा करायचे असतात. प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला ५०,००० टिचक्या आणि १० नॅनोसेकंदांची खिडकी ('एकाच वेळी' म्हणायची मुदत), म्हणजे ॲक्सिडेंटल २५. तिने खिडकी १६ नॅनोसेकंदांची धरली होती, म्हणून ४० वजा झाले. ३२५ आणि ८५चे झाले २८५ आणि ४५, सहसंबंध (फरक भागिले बेरीज) ०.७३, त्याची चौपट २.९१. बरोबर २५ वजा केल्यावर ३०० आणि ६०, चौपट २.६७. आणि काहीच वजा केलं नाही तर २.३४.

हा किस्सा नुसता गमतीचा नाही. ५०,००० टिचक्यांमध्ये जोडी म्हणून हाताला लागतात त्या काही शेकड्यांनी. उरलेले फोटॉन वाटेत गळतात. जे पकडले गेले ते न पकडलेल्यांचे प्रामाणिक प्रतिनिधी आहेत, हे आपण गृहीत धरतो. हीच ती 'डिटेक्शनची पळवाट'. दुसरी पळवाट अंतराची: दोन्ही टोकं एकाच टेबलावर असतील, तर एकीकडचा कोन दुसरीकडे कळायला वेळ भरपूर. आमच्या टेबलावर दोन्ही पळवाटा सताड उघड्या होत्या. १९७२मध्ये बर्कलीला फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी पहिला प्रयोग केला तेव्हाही त्या उघड्याच होत्या. १९८२मध्ये ऑर्से इथे आस्पे, दालिबार आणि रोजे यांनी फोटॉन वाटेत असतानाच साधारण दर १० नॅनोसेकंदांनी वाट बदलणारे स्विच बसवले आणि अंतराची पळवाट अर्धीअधिक बुजवली. १९९८मध्ये इन्सब्रुकला ४०० मीटरवर, यादृच्छिक निवड करून, ती पुरती बुजली. दोन्ही पळवाटा एकाच प्रयोगात बंद व्हायला २०१५ उजाडलं. त्या वर्षी डेल्फ्टच्या गटाने हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉनचे स्पिन वापरून १.२८ किलोमीटरवर प्रयोग केला. १८ दिवसांत पसरलेल्या २२० तासांच्या मोजणीतून जेमतेम २४५ नोंदी मिळाल्या, पण एकही वजाबाकी नाही आणि एकही नोंद गाळलेली नाही. उत्तर आलं २.४२, त्रुटी ०.२०. मला हा आकडा कुठल्याही सुबक २.८२पेक्षा जास्त आवडतो. पाठोपाठ बोल्डर आणि व्हिएन्नाहून फोटॉनांवरचे तसेच बिनपळवाटी निकाल आले, त्यांची सांख्यिकी डेल्फ्टपेक्षा कितीतरी भक्कम होती.

तेव्हा २ ही मर्यादा मोडते, यात आता वाद नाही. नोबेल समितीच्या प्रशस्तीतही तेवढंच आहे: गुंतलेल्या फोटॉनांवरचे प्रयोग, बेल असमानतेचा भंग प्रस्थापित करणं आणि क्वांटम माहितीशास्त्रातलं पायाभूत काम. 'नॉनलोकॅलिटी' हा शब्द त्यात नाही. तुमच्या सरांना हे नम्रपणे दाखवायला हरकत नाही.

आता मॅडमचा मुद्दा. त्या म्हणणार, चारही उत्तरं खिशात आहेत असं मानलंत, हाच तर रिअ‍ॅलिझम. असमानता मोडली तर तो सोडा. लोकॅलिटीला हात कशाला लावता? वरच्या मांडणीवर हा आक्षेप अगदी रास्त आहे. पण बेलने हे गृहीतक आणलं कुठून, ते पाहायला हवं, आणि त्यासाठी १९३५ला जावं लागतं.

आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा 'क्वांटम मेकॅनिक्स अपूर्ण आहे' म्हणणारा निबंध पोडोल्स्कींनी लिहिला होता. आइन्स्टाइन त्यावर खूष नव्हते. त्याच जूनमध्ये श्रोडिंगरना लिहिलेल्या पत्रात त्यांची तक्रार होती की मूळ मुद्दा पांडित्याखाली गाडला गेला. मूळ मुद्दा साधा होता. दोन्ही बाजूंना एकच कोन ठेवला तर उत्तरं दर वेळी जुळतात. डावीकडचं उत्तर पाहून उजवीकडचं मी खात्रीने सांगू शकतो. डावीकडे मी जे केलं त्याचा उजवीकडे काही परिणाम होत नसेल, तर उजवीकडचं उत्तर आधीपासूनच ठरलेलं असलं पाहिजे. क्वांटम मेकॅनिक्समध्ये ते लिहिलेलं नाही. म्हणून क्वांटम मेकॅनिक्स अपूर्ण. लक्षात घ्या, खिशातली उत्तरं इथे गृहीत धरलेली नाहीत. लोकॅलिटी धरली, आणि ती उत्तरं निष्कर्ष म्हणून हाती आली.

चपलांचा जोड दोन खोक्यांत घालून दोन गावांना पाठवला, एका खोक्यात डावी निघाली, तर दुसऱ्यात उजवी असणार हे कळतं. त्यात नवल काय? ती आधीपासूनच उजवी होती. बेलने हाच मुद्दा १९८१मध्ये आपले सहकारी बर्टलमन यांच्या मोज्यांवरून मांडला, कारण हे गृहस्थ मुद्दाम दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालत. आइन्स्टाइनचं म्हणणं एवढंच, की फोटॉनही चपलांसारखेच असले पाहिजेत. नाहीतर मानावं लागेल की एक खोकं उघडल्यामुळे दुसऱ्यातली चप्पल उजवी झाली. ती 'भुताटकी' त्यांना नको होती. बेलने दाखवलं की एकाच कोनापुरतं चपलांचं स्पष्टीकरण पुरतं. तिरके कोन आले की ते २ला अडतं, आणि निसर्ग अडत नाही.

मग मॅडम चूक? थांबा. बेलचा १९६४चा निबंध पुन्हा काळजीपूर्वक वाचा. सुरुवातीच्या परिच्छेदात तो आइन्स्टाइनचा वरचा युक्तिवाद सांगतो. पण शेवटी निष्कर्ष लिहिताना म्हणतो की ज्या सिद्धांतात निकाल ठरवणारे जादा चल (खिशातल्या उत्तरांसारखी लपलेली माहिती) घातले आहेत, त्यात दूरवर परिणाम करणारी यंत्रणा लागते. हे शेवटचं वाक्य एकटं वाचलं तर वाटतं: ठीक, चल घालू नका, प्रश्न मिटला. पिढ्यान् पिढ्यांच्या भौतिकशास्त्रज्ञांनी तेवढंच वाचलं. १९७६मध्ये बेलने मांडणी बदलली. आता उत्तरं ठरलेली असण्याची अटच नाही, संभाव्यता चालतील. अट एवढीच: भूतकाळातलं सगळं, त्याला लॅम्डा म्हणू, माहीत असेल तर दोन्हीकडच्या निकालांची एकत्र संभाव्यता ही दोन स्वतंत्र संभाव्यतांचा गुणाकार असली पाहिजे. हीच 'लोकल कॉजॅलिटी'. त्यातूनही तोच २ निघतो.

हॉवर्ड वाइजमन यांनी २०१४मध्ये हे नेमकं पकडलं: बेलची प्रमेयं दोन आहेत. १९६४चं म्हणतं, लोकॅलिटी आणि निश्चितवाद (निकाल आधीच ठरलेले असणं) दोन्ही एकत्र नांदत नाहीत. १९७६चं म्हणतं, लोकल कॉजॅलिटी टिकत नाही. मॅडम पहिल्या बेलबद्दल बोलतात, सर दुसऱ्या. दोघं एकच नाव घेतात आणि वेगळ्याच प्रमेयांवर भांडतात. तुमच्या सेमिनारची पहिली स्लाइड हीच असू द्या.

जाता जाता एक गंमत. बेलचा आणखी एक निबंध आहे, 'चल घालणं अशक्यच' या फॉन नॉयमन यांच्या १९३२च्या सिद्धतेतलं भोक दाखवणारा. (ते भोक ग्रेटे हरमान यांनी १९३५मध्येच दाखवलं होतं, कुणी ऐकलं नाही.) त्या निबंधाच्या शेवटी बेल विचारतो, बोमच्या, म्हणजे कणांना नेहमी ठरलेली जागा देणाऱ्या, सिद्धांतात दिसणारी नॉनलोकॅलिटी टाळता येण्याजोगी आहे का? १९६४च्या निबंधात त्याचं उत्तर आहे, पण प्रश्न छापून आला १९६६मध्ये. संपादकांच्या कचेरीत कागद भलत्याच फायलीत गेले होते. आणि उत्तर छापलं गेलं 'फिजिक्स' नावाच्या, थोड्याच वर्षांत बंद पडलेल्या नियतकालिकात. तिथे पानांचे पैसे द्यावे लागत नव्हते, आणि सुटीवर अमेरिकेत पाहुणा असलेल्या बेलला यजमानांच्या खिशात हात घालायचा संकोच होता.

आता खरी मेख. १९७६च्या मांडणीत लॅम्डाच्या जागी थेट वेव्ह फंक्शन (क्वांटम अवस्थेचं गणिती वर्णन) ठेवा, दुसरं काहीही नाही. दोन्हीकडे कोन एकच. वेव्ह फंक्शन सांगतं की उजवीकडे +१ येण्याची शक्यता निम्मी. डावीकडे +१ आलं हे कळलं की तीच शक्यता शंभर टक्के होते. म्हणजे गुणाकाराची अट असमानतेपर्यंत जाण्याआधीच मोडली. नेहमीचं पाठ्यपुस्तकी क्वांटम मेकॅनिक्स बेलच्या अर्थाने लोकली कॉजल नाही, हे एका ओळीत दिसतं. त्यासाठी लेसर लागत नाही. असमानतेचं काम पुढचं आहे: वेव्ह फंक्शनला काहीही जोड दिलीत तरी हा दोष दुरुस्त होत नाही, हे दाखवणं.

मॅडमच्या बाजूचं सगळ्यात तगडं उत्तर यावर येतं, आणि ते 'रिअ‍ॅलिझम सोडा' यापेक्षा बरंच सूक्ष्म आहे. २०१४मध्ये बेलच्या निबंधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा एका विशेषांकात तत्त्वज्ञ टिम मॉडलिन यांनी ठणकावून लिहिलं की बेलने नॉनलोकॅलिटी सिद्ध केली आणि भौतिकशास्त्रज्ञ ते कबूल करत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ राइनहार्ट वेर्नर यांनी तिथेच प्रत्युत्तर दिलं: लॅम्डा म्हणजे 'तिथे जे काही आहे त्याचं पूर्ण वर्णन' असं तुम्ही मानता, हीच क्लासिकल, म्हणजे क्वांटमपूर्व, चौकट आहे, तुम्ही ती नकळत आत आणली. त्याच अंकात झुकोव्स्की आणि ब्रुकनर यांनीही याच सुरात लिहिलं. त्यांच्या मते वेव्ह फंक्शन ही पुढच्या निकालांचे अंदाज बांधण्याची वही आहे. डावीकडची बातमी कळली की वहीत खाडाखोड होते. उजवीकडे काही होत नाही.

यावर माझी प्रतिक्रिया दर वेळी एकच असते: ठीक, ती वही, मग तिथे आहे काय? त्यांचं उत्तर: हे सांगणं भौतिकीचं काम नाही. खरं भांडण हे आहे. लोकॅलिटी-नॉनलोकॅलिटी ही त्याची वरची साल. सिद्धांताने जगाचं वर्णन करावं की फक्त निकालांचे अंदाज सांगावेत, इथे दोघांची वाट फुटते, आणि बेलचं प्रमेय या फाट्यावर उभं राहून दोघांनाही पुढच्या वळणाचा टोल सांगतं.

क्षेत्र सिद्धांताचा हवाला देणारेही भेटतील: 'ऑपरेटर कम्यूट होतात, मग नॉनलोकॅलिटी कुठली?' कम्यूट होण्याचा अर्थ एवढाच की डावीकडचा कोन बदलल्याने उजवीकडची आकडेवारी बदलत नाही. असमानता तिथेही मोडते. समर्स आणि वेर्नर यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की सापेक्षतावादी क्षेत्र सिद्धांतातली रिकामी पोकळीसुद्धा बेल असमानता मोडते, आणि तीही कमाल मर्यादेपर्यंत. होय, तेच वेर्नर. हा माणूस गणित कधी लपवत नाही. त्याचा निष्कर्ष माझ्याहून वेगळा आहे, एवढंच.

संदेशाचा प्रश्न हमखास येणार, तयारी ठेवा. डावीकडच्या निकालांची यादी एकटी पाहिली तर ती नाणेफेकीसारखी असते, उजवीकडे कुठलाही कोन असो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच नक्षी दिसते, आणि त्या शेजारी आणायला फोन लागतो, जो प्रकाशापेक्षा वेगवान नाही. १९८२मध्ये निक हर्बर्ट यांनी फोटॉनच्या प्रती काढून हा अडसर ओलांडायची युक्ती सुचवली होती. तिच्यातली चूक शोधताना वूटर्स-झुरेक आणि डीक्स यांना 'नो-क्लोनिंग'चं प्रमेय सापडलं. चुकीच्या कल्पनेतून इतकं मोठं घबाड क्वचित हाती लागतं. 'संदेश जात नाही' आणि 'बेलच्या अर्थाने लोकल' या दोन वेगळ्या अटी आहेत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंग यांनी १९९१मध्ये अनेक कणांसाठी नेमक्या याच दोन अटी वेगवेगळ्या तपासणाऱ्या असमानता दिल्या होत्या. सेमिनारमध्ये त्यांचा उल्लेख करा.

१९८४मध्ये जॅरेट यांनी बेलची अट दोन तुकड्यांत फोडली, आणि शिमोनी यांनी त्यांना नावं दिली: एक, निकाल पलीकडच्या कोनावर अवलंबून नाही, दोन, निकाल पलीकडच्या निकालावर अवलंबून नाही. बोमचा सिद्धांत पहिली मोडतो, पाठ्यपुस्तकी क्वांटम मेकॅनिक्स दुसरी. शिमोनींना वाटे की दुसरी मोडली तर सापेक्षतावादाशी 'शांततेने सहवास' होऊ शकतो. मला हा दिलासा कधी पटला नाही. एकच गुणाकार वेगळ्या तऱ्हेनेही फोडता येतो, आणि तसं केलं की दोष दुसऱ्या तुकड्यावर जातो. परीक्षेला विचारतात, म्हणून माहीत असावं.

आता ज्यांना तिसऱ्या अर्थाची लोकॅलिटीही वाचवायची आहे, त्यांच्या वाटा. सगळ्यात गंभीर वाट एव्हरेटच्या 'अनेक जगां'ची, १९५७ची. वरच्या गणितात प्रत्येक मोजणीला एकच निकाल येतो, हे इतकं उघड वाटलं की आपण ते बोललोही नाही. एव्हरेटमध्ये दोन्ही निकाल येतात. डावीकडे दोन शाखा, उजवीकडे दोन शाखा, आणि दोन निरीक्षक भेटतात तेव्हाच त्यांच्या शाखांची जुळणी होते. भेटायला ते प्रकाशाच्या आतल्या वेगानेच येतात. डॉइच आणि हेडन यांनी २०००मध्ये ही लोकॅलिटी गणिताने उलगडून दाखवली. किंमत काय, ते सांगायला नको. निम्म्या शाखांमध्ये हा लेख तुम्हाला आवडतो.

दुसरी वाट क्यूबिझमची (चित्रकलेतला नव्हे): निकाल म्हणजे एका माणसाचा अनुभव. दोन लांबच्या टोकांवरचे निकाल कुणा एकाच्या अनुभवात एकदम नसतातच. दुसऱ्याचा निकाल मला कळतो तो इथे, माझ्याजवळ, फोनवरून. सुसंगत आहे, पण माझ्या लॅबमधला दुसरा डिटेक्टर जेवणाच्या सुटीत काय करत होता, यावर बोलायला क्यूबिझमवाले तयार नसतात. मला मात्र त्याची चिंता असते.

तिसरी सुपरडिटर्मिनिझमची: कोन निवडणारी यंत्रं आणि फोटॉन यांच्यात आधीपासूनच साटंलोटं आहे. २०१८मध्ये ला पाल्मा बेटावरून दोन क्वेझारांचा (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचा) प्रकाश वापरून कोन निवडले गेले. एका क्वेझारचा प्रकाश ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, दुसऱ्याचा १२.२ अब्ज. तरी असमानता मोडली. साटंलोटं असलंच तर ते किमान ७.८ अब्ज वर्षं जुनं असावं लागेल. तार्किकदृष्ट्या शक्य आहे. नोबेल विजेते टूफ्ट यांच्यासारखा माणूस ते गंभीरपणे मांडतो, म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पण हे मान्य केलं तर कुठलाही निकाल 'नमुनाच तसा निघाला' म्हणून झटकता येतो, आणि मग आम्ही मोजायचं कशासाठी? घटनेचं कारण भविष्यातून भूतकाळाकडे वाहतं, असं मानणारी चौथी वाटही आहे. तिच्यावर वेळ घालवू नका.

उरले ते नॉनलोकॅलिटी उघडपणे स्वीकारणारे. बोमच्या १९५२च्या सिद्धांतात इथल्या कणाचा वेग तिथल्या कणाच्या जागेवर त्याच क्षणी अवलंबून असतो. 'त्याच क्षणी' म्हटलं की कुणाच्या घड्याळाप्रमाणे, हा प्रश्न आलाच. म्हणजे आइन्स्टाइनने हद्दपार केलेली सार्वत्रिक वेळ मागच्या दाराने परत. ती मोजता येत नाही, एवढीच सोय.

तर सेमिनारमध्ये म्हणायचं ते असं: प्रयोगांनी लोकल कॉजॅलिटी, म्हणजे १९७६च्या बेलची अट, फेटाळली आहे, यात मोजणीला एकच निकाल असतो आणि कोनांची निवड स्वतंत्र असते, एवढं धरलेलं आहे. 'लोकल रिअ‍ॅलिझम फेटाळला' हे वाक्य नियतकालिकांत सर्रास दिसतं. ते वापरलंत तर 'रिअ‍ॅलिझम म्हणजे नेमकी कुठली अट?' असा प्रश्न येईल, आणि सिद्धतेतल्या ओळीवर बोट ठेवून ती दाखवता आली पाहिजे. १९६४च्या मांडणीत दाखवता येते. १९७६च्या मांडणीत शोधायला गेलात तर बहुतेकदा 'जग आहे' एवढंच हाताला लागतं. मॅडमना हे मान्य होणार नाही. त्या वेर्नर काढतील, आणि तो सामना पाहण्यासारखा होईल.

तुम्ही शेवटी विचारलंय, माझी स्वतःची बाजू कोणती. माझा कल सरांकडे, पण त्यांच्या निश्चिंतीशिवाय. मला नॉनलोकॅलिटी खरी वाटते आणि ती सापेक्षतावादात कशी बसते ते समजत नाही. २००६मध्ये रोडेरिख टुमुल्का यांनी वेव्ह फंक्शन आपोआप कोसळण्याच्या (एकाच निकालावर येण्याच्या) सिद्धांताचं एक रूप दिलं. ते बेल असमानता मोडतं आणि तरी सार्वत्रिक वेळ मागत नाही. पण ते एकमेकांवर बल न लावणाऱ्या कणांपुरतं होतं. परस्परक्रिया असलेल्या, खऱ्याखुऱ्या क्षेत्र सिद्धांतासाठी असं काही कुणी समाधानकारकपणे करून दाखवलं, तर मी सरांच्या शेजारी जाऊन बसेन. तोवर मधल्या रांगेत.